पाळण्याखालचा हात

आई,

स्वयंपाकघरातली ती फरशी अजून बदललेली नाही. बाबांनी दोनदा गवंड्याला बोलावलं आणि दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. खिडकीकडून ओट्याकडे येताना पायाला लागतो तो टवका उडालेला खळगा. अंगठ्याच्या पेराएवढा असेल, कडा आता गुळगुळीत झाल्या आहेत. काल ताईची मुलगी त्यावर पाऊल घासत उभी होती. मे महिन्याच्या सुट्टीत ती दरवर्षी इथे येते. देवळाली कॅम्पला तिच्या घरी कूलर आहे, इथे नुसता पंखा, तरी येते. "मावशी, इथे काय पडलं होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वरवंटा." "कुणाच्या हातून?" "आजीच्या." त्यावर ती म्हणाली, "बापरे, कुणाच्या पायावर पडला असता म्हणजे?" दूध उतू जात नव्हतं, तरी मी वळून गॅस बारीक केला. त्या दिवशी तो वरवंटा म्हणजे तीच होती, हे तिला कसं सांगायचं, मला सुचलं नाही. म्हणून हे तुला लिहिते आहे. तुझ्याशी बोलायची सवय मला तू असतानाही फारशी नव्हती. तू बोलायचीस, मी ऐकायचे. "ही पोरगी म्हणजे पोस्टातली खिडकी," तू काकूंना सांगायचीस, "बरोबर सुट्टे दिले तरच उत्तर मिळतं."

झटका आला तेव्हा तू नळावर होतीस. सकाळचं पाणी आलेलं, हंडा अर्धा भरलेला. डावा हात हंड्याच्या काठावरून सुटला आणि लोंबत राहिला, तोंड किंचित वाकडं झालं, आणि शेजारच्या काकूंशी तू जे बोललीस ते कुणालाच कळलं नाही. दवाखान्यात तुझं बोलणं आधी परत आलं. वॉर्डातल्या आयांना तू नावं ठेवायला लागलीस तेव्हा बाबा म्हणाले, "आता बरी झाली." मग तोंड सरळ झालं. मग हळूहळू हातही हलायला लागला. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आपली दोन बोटं तुझ्या डाव्या हातात दिली आणि म्हणाले, "दाबा." तू दाबलीस. "अरे वा. बाई, सोडा आता." तू सोडली नाहीस. ते हसले. "सोडा की." तू म्हणालीस, "सोडलीत की केव्हाच." तुझी मूठ आवळलेली होती आणि तू खिडकीबाहेर बघत होतीस. त्यानंतर ते हसले नाहीत.

त्यांनी तुला डोळे मिटायला सांगितले. तुझ्या डाव्या अंगठ्याचं टोक दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं आणि सावकाश वर नेलं. "वर की खाली?" "वर." खाली नेलं. "आता?" "वर." पुन्हा खाली. "वरच," तू म्हणालीस, आणि मग जरा चिडून, "किती वर नेताय?" उजव्या अंगठ्याचं एकही उत्तर तू चुकली नाहीस. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाबा ड्युटीवर होते म्हणून डॉक्टरांनी मलाच व्हरांड्यात नेलं. हात हलतो, टोचलेलं कळतं, गरम कळतं, असं ते म्हणाले. फक्त हात आत्ता कुठे आहे, कसा वळला आहे, उघडा आहे की मिटलेला, ही खबर डोक्यापर्यंत पोचत नाही. डोळ्यांनी दिसतो तोवर त्यांचा हात आहे. नजर हलली की नाही. मी विचारलं, "परत येईल?" ते म्हणाले, "काही जणांचं थोडंफार येतं. सांगता येत नाही." मी त्यांना विचारलं की अंगठा बाजूंनीच का धरला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं की वरून-खालून धरला तर कातडीवरच्या दाबाने ओळखता येतं, मग ती चाचणी खोटी. हे मला लगेच पटलं.

मी तेव्हा डिप्लोमा करून नुकतीच सातपूरला लागले होते, प्रेशर गेज तपासायच्या खात्यात. दिवसभर गेजवर माहीत असलेला दाब द्यायचा आणि काटा तेवढाच दाखवतो का ते बघायचं. सगळ्यात वाईट गेज कुठलं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. फुटलेल्या गेजची भीती नसते, ते दिसतं. नळी आतून बुजलेली, आत दाब चढतो आहे आणि काटा शांत उभा आहे, अशा गेजवर विश्वास ठेवून माणसं बॉयलरशेजारी डबा खात बसतात. तू घरी आलीस आणि पहिल्याच सकाळी ओट्यापाशी उभी राहिलीस तेव्हा मला दुसरं काही सुचेना. सगळे म्हणत होते, बघा, कशी खडखडीत झाली. मी तुझ्या डाव्या हाताकडे बघत होते. तू काकूंशी बोलत होतीस आणि तुझी बोटं आपोआप, एकेक करून, पेटी वाजवल्यासारखी हलत होती. तुला त्याचा पत्ता नव्हता.

गंमत म्हणजे भाकरी तुला जमायची. परातीत दोन्ही हात डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे तुझी भाकरी पूर्वीसारखीच गोल व्हायची आणि त्या भाकरीवर सगळ्यांनी तुला बरी ठरवून टाकलं. अंबाडा मात्र जमायचा नाही. हात मानेमागे गेला की हरवायचा. मी तुझे केस बांधायला लागले आणि तू आळीभर सांगितलंस की लेकीला हौस आहे. अंघोळीला डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले की हात बादलीच्या कडेवर आपटायचा, म्हणून तू साबण डोळ्यांत जाऊ द्यायचीस, पण डोळे मिटायची नाहीस. बाहेर आलीस की डोळे लाल. कॅम्पच्या बसमध्ये एकदा तुझा हात शेजारच्या बाईच्या मांडीवर जाऊन बसला. ती म्हणाली, "ओ मावशी, हात घ्या ना तुमचा." तू खिडकीतून तोफखान्याच्या गाड्या बघत होतीस, तशीच म्हणालीस, "माझा नाय." बाईने तो दोन बोटांनी उचलला, तुला दाखवला. तू त्याच्याकडे असं पाहिलंस की जणू कुणी विसरलेली पिशवी आहे. मग तुम्ही दोघी हसलात, ती जास्त. मी हसले नाही. मी उतरेपर्यंत त्या हाताकडेच बघत राहिले.

मी तुझी रोज चाचणी घ्यायचे, तुला आठवत असेल. कामावरून आले की हातपाय धुऊन तुझ्यासमोर बसायचे आणि अंगठा धरायचे, बाजूंनी. तू पापण्यांच्या फटीतून बघायचीस. सगळी उत्तरं बरोबर यायला लागली की मला कळायचं. "आई, डोळे नीट मीट. असं केलंस तर मला काय कळणार?" तू म्हणायचीस, "तुला कळून काय करायचंय? हात माझा." शेवटी मी तुझ्या डोळ्यांवर पंचा टाकायला लागले. मग उत्तरं चुकायची. तुझ्या मनगटाला घुंगरू बांधावं, असंही मी एकदा सुचवलं होतं. एक वाट बंद झाली तर खबर दुसऱ्या वाटेने यावी, कानाने, असा माझा विचार. तू म्हणालीस, "बांध. गळ्यात पण एक बांध. मग मला दारोदार घेऊन हिंड, नंदीबैल आला म्हणून." तो विषय तिथे संपला.

कळवणकडची आपली बोली तू लग्नानंतर गुंडाळून ठेवली होतीस. मामा आला की तेवढी बाहेर निघायची. झटक्यानंतर ती मधूनच आपोआप यायला लागली. संध्याकाळी दिवे गेले की कंदील लागेपर्यंत तुझा हात पूर्ण नाहीसा व्हायचा. तू अंधारात हळूच विचारायचीस, "हात शे ना गं?" मी तो चाचपून धरायचे आणि म्हणायचे, "आहे." तू म्हणायचीस, "शे म्हण." मी म्हणत नसे. मला ती बोली येत नव्हती असं नाही. मला वाटायचं, हे लाडाने होणारं काम नाही, नीटच उत्तर द्यायला हवं.

ताईचं पहिलं बाळंतपण होतं आणि ती सातव्या महिन्यात आपल्याकडे आली. त्याच्या आधीच तू मला बजावून ठेवलं होतंस, "विहीणबाईंना कळता कामा नये. हात जरा अशक्त आहे म्हणायचं, बस." कळलं असतं तर त्यांनी ताईला पाठवलंच नसतं. ज्या घरात आईचा हातच जागेवर नाही तिथे बाळंतीण आणि बाळ कोण बघणार, असं त्या म्हणाल्या असत्या. त्यांचं काही चुकलं असतं असं मला वाटत नाही. मुलगी झाली. बाळाला न्हाऊ घालायला बाई यायची, दुपटी मी धुवायचे, आणि तू तिला कधीच उचलून घेत नव्हतीस. हाताला तेल आहे, पीठ आहे, आत्ताच कांदा चिरला, अशी तुझी कारणं कधी संपायची नाहीत. विहीणबाई कॅम्पवरून भेटायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलंच, "आजी काही नातीला घेताना दिसत नाहीत?" तू म्हणालीस, "घ्यायची सवय लागली म्हणजे मग तुमच्याकडे पाठवायला जीव होणार नाही." त्या खूश झाल्या. तुला अशी उत्तरं कुठून सुचायची, मला माहीत नाही. मी दाराआड उभी राहून घाम पुसत होते.

मग बारसं आलं. पाहुण्या येणार, घुगऱ्या करायच्या, शेजारून पाळणा आणायचा. त्या गडबडीत तू मला सहज सांगितलंस की पाळण्याशी पाच सवाष्णींत तू उभी राहणार. मी पीठ चाळत होते, थांबले. "बाळ वरून घेशील," मी म्हटलं, "पण परत देताना पाळण्याखालून द्यायचं असतं. वर साडी सोडलेली असणार गुडघ्यापर्यंत. खाली तुला हात दिसणार नाही."

"मला माहीत आहे बारसं काय असतं ते."

"मग उभी राहू नकोस."

"पहिल्या नातीचं बारसं. आजी कोपऱ्यात बसून घुगऱ्या वाटणार? विहीण काय अर्थ काढेल त्याचा?"

"काढू दे. तिच्या हातून बाळ पडणार नाहीये."

तू माझ्याकडे बघितलंस. हे मी फार थंडपणे बोलले होते, पण त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तू उठलीस, पाट्यावरचा वरवंटा उजव्या हाताने घेतलास, पंचात गुंडाळलास, बाळासारखा, एक टोक वर कुंचीसारखं काढून. तसाही बारशाला वरवंट्याला झबलं घालून पाळण्यात ठेवतातच. "चल," म्हणालीस, "तपास मला. तुझ्या कारखान्यात तपासतेस तशी."

खुर्च्यांच्या पाठींवर जुनी साडी टाकून आपण पाळणा केला. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. वरून मी वरवंटा दिला, तू दोन्ही हातांवर घेतलास, नजर डाव्या हातावर. छान घेतलास. मग वाकलीस आणि तुझे हात साडीखाली गेले. माझे हात माझ्या बाजूला तयार होते. वजन येईल म्हणून मी थांबले होते. "घे," तू म्हणालीस. मग तो आवाज झाला. तुझ्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, आई. तू तशीच वाकलेली, देणाऱ्या माणसाचा चेहरा. "घेतलंस का?" तू विचारलंस. मी साडी उचलली. तुझा उजवा हात पंचाचं टोक धरून होता आणि डावा, ज्यावर डोकं असायचं, तो तळहात खाली करून रिकामा तरंगत होता, बोटं सावकाश हलत होती. तू आधी माझं तोंड पाहिलंस, मग हात, मग फरशी.

पुढच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "काय पडलं गं?"

"वरवंटा."

"फुटला?"

"नाही. फरशीचा टवका उडाला."

तू टवका उचललास, तळहातावर ठेवून बघितलास. "बरं झालं," म्हणालीस, "पाट्याचंच पोर होतं." मग ओट्याला टेकून उभी राहिलीस. आत ताईचं बाळ रडायला लागलं होतं.

माझा विचार तेव्हा सुरू झाला तो थांबेना. कामावरही मी काट्यावरचे आकडे दोनदोनदा वाचत होते. शेवटी उपाय सापडला आणि तो सोपा होता. समोर मी उभं राहायचं आणि हात साडीखालून इतके पुढे न्यायचे की तुझे हात तुझ्या नजरेआड जायच्या आतच बाळ माझ्याकडे आलेलं असेल. आपण वरवंट्याने करून बघितलं. पुन्हा पुन्हा केलं. एकदाही पडला नाही. तू म्हणालीस, "डिप्लोम्याचा उपयोग झाला म्हणायचा." त्या रात्री मी झोपले. या सगळ्यात एक गोष्ट तुझ्याही डोक्यात आली नाही आणि माझ्याही, आणि ती आळीतल्या कुठल्याही बाईला पहिल्या क्षणी आठवली असती.

बारशाच्या दिवशी पुढच्या खोलीत पाळणा टांगला, झेंडूच्या माळा, तुझी लग्नातली हिरवी साडी वरून सोडलेली. बायका जमल्या. तू खिडकीच्या बाजूला उभी राहिलीस, मी समोर जाऊन उभी राहिले. आणि विहीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू गं कुठे मध्ये? आधी लग्न कर, मग उभी राहा पाळण्याशी. हो बाजूला." सगळ्या हसल्या. काकू म्हणाल्या, "घाई झालीय पोरीला, बघा जरा एखादं स्थळ." मी बाजूला झाले. विहीणबाई माझ्या जागी उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या, पदर खोचलेला. कुमारिका. इतकी मोजमापं केली मी, आणि मुळात मला तिथे उभं राहता येत नाही, एवढं माझ्या हिशेबात नव्हतं.

मी भिंतीला टेकून उभी आहे. एकेक बाई घेते आहे, देते आहे, नावं घेतली जात आहेत, बाळ झोपलेलं आहे. मला ओरडायचं आहे आणि मी ओरडले तर तुझी इतक्या महिन्यांची लपवाछपवी सगळ्यांसमोर उघडी पडेल. नाही ओरडले तर फरशी तीच, या खोलीतही तीच. विहीणबाई पाळण्यावरून बाळ तुझ्याकडे देतात. तू घेतेस. डावा तळहात डोक्याखाली, नीट. तू मान वर करून माझ्याकडे बघतेस, पापणी लवते तेवढाच वेळ, कारण त्याहून जास्त तुला हातावरून नजर काढता येत नाही. मी भिंतीपासून सुटते. दोन बायकांच्या मधून वाट काढायला लागते.

आणि तू खाली बसलीस. पाळण्याखाली. मांडी घातलीस, डोक्याने साडीची कड वर सारलीस आणि बाळासकट आत शिरलीस. खोलीत हशा पिकला. "अहो विहीणबाई, हे काय? नातीच्या आधी तुम्हीच रांगायला लागलात!" ताईच्या सासूबाई म्हणाल्या.

साडीच्या आतून तुझा आवाज आला, अगदी शांत. "आमच्या कळवणकडं आजीला उभ्यानं देता येत नाही. खाली बसूनच द्यावं लागतं. आणि घेणारीनं पण बसूनच घ्यायचं. नाहीतर पोरीला दृष्ट लागते."

माहेरच्या पद्धतीवर कोण बोलणार? विहीणबाई एक क्षण घुटमळल्या. मग त्यांनाही वाटलं असावं की आपण उभ्या राहिलो तर दृष्ट आपल्या माथी येईल. त्या बसल्या, गुडघे कुरकुरत, बांगड्या वाजवत, आणि पलीकडून साडी वर करून आत आल्या. मी तोवर पाळण्यापाशी पोचले होते, वाकून बघितलं. हिरव्या उजेडात तुम्ही दोघी आज्या समोरासमोर बसलेल्या, गुडघ्याला गुडघा. तू डाव्या हाताकडे टक लावून बघत होतीस, श्वास रोखून, आणि तो हात बरोबर जात होता. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, तिच्याकडे बघा ना. हाताकडे काय बघताय?" तू म्हणालीस, "घ्या आधी." त्यांनी घेतलं. तुझा हात रिकामा झाला ते तू डोळ्यांनी बघितलंस आणि मग तो उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवलास. बाळ झोपेतच होतं.

संध्याकाळी पाहुण्या गेल्यावर तू घुगऱ्यांचं पातेलं घासत होतीस. मी पुसत होते. मला वाटलं होतं तू विहिणीची नक्कल करशील, हसशील. तू म्हणालीस, "तिचं तोंड बघायचं राहिलं गं." मला आधी कळलं नाही. "सगळ्यांनी घेतलं, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी एवढं धरलं तिला, आणि हाताकडेच बघत राहिले. नातीचं तोंड नाही बघितलं." तू हे पातेल्याकडे बघून म्हणालीस, कारण पातेल्यात तुझा हात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई झोपली होती. मी तुला भिंतीला टेकून बसवलं, मांडीवर उशी दिली, तिच्यावर बाळ ठेवलं. तुझा डावा हात बाळाच्या डोक्याखाली नेला आणि त्याच्याखाली माझा हात घातला, मनगटापासून बोटांपर्यंत, घट्ट. "आता हात माझ्याकडे," मी म्हटलं, "तू तिच्याकडे बघ." तुझी नजर सुटत नव्हती. थोडी वर जायची, परत हातावर यायची. मी फक्त धरून ठेवलं. मग ती एकदाची वर गेली आणि तिथेच राहिली. बाळ जागं होतं, तुझ्या कुंकवाकडे बघत होतं. तुझा चेहरा मी इतक्या जवळून आधी कधी पाहिला नव्हता. मधेच तू नजर न हलवता विचारलंस, "शे ना?"

"शे," मी म्हटलं.

असं आपण ताई कॅम्पला परत जाईपर्यंत रोज केलं. त्या दिवसांत मी अंगठ्याची चाचणी घेतली नाही.

दिवाळीच्या आधी तुला दुसरा झटका आला आणि त्यात काही तपासायला उरलं नाही. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुला सांगायचं आहे ते वेगळंच. ताईला मुलगा झाला तेव्हा कॅम्पच्या घरी बारसं होतं. विहीणबाई पदर खोचून पाळण्याखाली जाऊन बसल्या आणि त्यांच्या जावेलाही त्यांनी समोर बसवलं. "आमच्या विहीणबाईंची पद्धत आहे," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "कळवणची. फार चांगली बाई होती." आता काकूंच्या सुनेकडेही बसून देतात. मी एकदा मामाला विचारलं, असं खरंच असतं का तुमच्याकडे. तो म्हणाला, "नाय बुवा. आमच्या आज्या कशाला बसतील, उठवायला माणूस लागंल." मी त्याला जास्त काही सांगितलं नाही. विहीणबाईंना अजूनही माहीत नाही. ताईला मी सांगितलं, पण तू गेल्यावर.

आता माझं. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठताना माझा डावा हात बधिर झालेला असतो. थोड्या वेळाने मुंग्या येतात आणि तो परत येतो, पण त्या मधल्या वेळात तो नसतो. मी अंधारात उजव्या हाताने तो शोधते. कारखान्याच्या डॉक्टरांनी दाब तपासला, ठीक आहे म्हणाले, झोपेत अंगाखाली येत असेल. असेलही. मला शंका घ्यायला ठोस कारण नाही, हे मला समजतं. पण आता गेज हातात घेतलं आणि काटा शांत असला की मी तो काचेवर बोटाने वाजवून बघते. नव्या मुली विचारतात, मॅडम, असं का करता? डोक्यावरून पाणी घेताना मी डोळे मिटत नाही, आणि हे केव्हा सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. अंगठ्याची चाचणी स्वतःची स्वतःला घेता येत नाही. हलवणारी मीच असले तर उत्तर मला आधीच माहीत असतं. त्याला दुसरं कुणीतरी लागतं, आणि कुणाला तरी अंगठा धरायला सांगायचं म्हणजे का, ते सांगावं लागतं. बाबांना तर मी विचारणारच नाही.

काल त्या फरशीचं बोलणं झाल्यावर मी तुझ्या नातीला म्हटलं, "एक खेळ खेळू या." तिने माझा अंगठा वरून-खालून धरला. मी सांगितलं, "तसा नाही, बाजूंनी धर." तिचा हात घामेजलेला होता आणि ती फार गंभीर झाली होती. तू ज्या भिंतीला टेकून बसायचीस तिथेच आम्ही बसलो होतो. "वर की खाली?" ती विचारत होती, मी सांगत होते. खाली. वर. खाली. खाली. "मावशी, सगळी बरोबर!" ती ओरडली आणि खेळ फारच सोपा आहे म्हणून उठून बाहेर पळाली. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर करून विचारलं, काय बरोबर? मी म्हटलं, काही नाही.

हे कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवीन आणि पुढच्या साफसफाईत ते जातील. कुठे पाठवायचे नाहीतच, म्हणून एवढं एक लिहून टाकते. काल पंचा दोरीवरच होता, हाताच्या अंतरावर. मी तो घेतला नाही, आणि आई, मी डोळे पूर्ण मिटले नव्हते.